हे कशावरून? : सुट्टीत वाचलेली काही पुस्तके

पुस्तकांची समीक्षा करण्याचा आमचा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो आणि सवड मिळेल तेव्हा हाताला लागेल ते वाचतो. इंग्रजी वाचताना मधूनमधून शब्दकोश उघडावा लागतो. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते एका साध्या वाचकाच्या मनावर उमटलेले ठसे आहेत, एवढेच समजावे. मात्र ही पुस्तके वाचायला घेतली त्यामागे एक कारण होते आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात आम्ही फळ्यावर 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य लिहिले. पंचवीस वर्षे लिहीत आलो आहोत. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे कशावरून?" आम्ही म्हणालो, "गांडूळ जमीन भुसभुशीत करतं." तिने पुन्हा विचारले, "पण ते कशावरून? कोणी मोजलंय का?" तास संपत आला होता. आम्ही म्हणालो, "अगं, पुस्तकात दिलंय ना! बस खाली." ती बसली. तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

'पुस्तकात दिलंय' हे उत्तर विज्ञानाच्या तासाला द्यावे लागणे ही शरमेची गोष्ट आहे. तेव्हापासून कोणतेही विज्ञानाचे पुस्तक हातात घेतले की आम्ही त्याला तोच प्रश्न विचारू लागलो. निष्कर्ष तर सगळीच पुस्तके सांगतात. पण तो निष्कर्ष कशावरून काढला, कोणी, किती वर्षे, काय मोजून, कुठे चुकून काढला, हे किती पुस्तके सांगतात? या एका कसोटीवर गेल्या दोन-तीन सुट्ट्यांत वाचलेल्या पाच पुस्तकांविषयी लिहितो.

पाठांतराचा रोग

पहिले पुस्तक रिचर्ड फाइनमन यांचे, 'शुअरली यू आर जोकिंग, मिस्टर फाइनमन!'. फाइनमन यांना १९६५ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रॅल्फ लेटन या मित्राला गप्पांच्या ओघात सांगितलेल्या त्यांच्या आठवणी १९८५ साली पुस्तकरूपाने आल्या. बहुतेक वाचकांना यातल्या तिजोऱ्या उघडण्याच्या आणि ढोल वाजवण्याच्या गोष्टी आठवतात. आम्हाला मात्र ब्राझीलमध्ये शिकवण्याचे प्रकरण वाचून झोप लागली नाही.

तिथले विद्यार्थी हुशार होते. ध्रुवीकृत प्रकाशाची व्याख्या विचारली की घडाघडा सांगत. पण खिडकीबाहेर समुद्राच्या पाण्यावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश पोलरॉइडच्या तुकड्यातून पाहायला सांगितले, तेव्हा व्याख्येतला प्रकाश तो हाच, हे कोणाच्या ध्यानात येईना. पाठ केलेल्या शब्दांचा आणि डोळ्यांपुढच्या जगाचा संबंधच जुळलेला नव्हता. शेवटी फाइनमन यांनी भर सभेत सांगितले की या देशात विज्ञान शिकवलेच जात नाही. पुरावा म्हणून त्यांनी तिथले एक नावाजलेले पाठ्यपुस्तक कुठेही उघडून दाखवले. एका पानावर उतरणीवरून घरंगळणाऱ्या चेंडूची निरीक्षणे छापली होती. फाइनमन म्हणाले, ही निरीक्षणे कोणी घेतलेलीच नाहीत. चेंडू नुसता घसरत नाही, तो फिरतही असतो. त्यामुळे घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूचे जे त्वरण असते त्याच्या पाच-सप्तमांश एवढेच भरीव चेंडूला मिळते. पुस्तकातले आकडे सूत्रातून काढून प्रयोगाच्या नावाखाली छापले होते.

इथे आम्ही पुस्तक मिटले. प्रयोगवहीत 'बरोबर उत्तर' यावे म्हणून आकडे जुळवून लिहिणारी मुले आठवली. आणि त्या आकड्यांवर लाल शाईने बरोबरची खूण करणारे आम्हीही.

त्याच प्रकरणात घर्षणदीप्तीची आठवण आहे. स्फटिक चिरडल्यावर निघणारा प्रकाश, एवढी व्याख्या पाठ करण्यापेक्षा अंधारात साखरेचा खडा पकडीने फोडून पाहा, निळसर चमक दिसते, असे मुलांना सांगितले तर कोणीतरी घरी जाऊन करून पाहील, असे फाइनमन म्हणतात. आम्ही खडीसाखर घेऊन हे करून पाहिले. खोलीत पूर्ण अंधार हवा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटे द्यावी लागतात, आणि खडा कोरडा हवा. कण डोळ्यांत उडू नयेत म्हणून पकड चेहऱ्यापासून दूर धरावी. चमक क्षणभरच दिसते, पण दिसते.

पुस्तकात दोष आहेत. प्रत्येक गोष्टीत शेवटी लेखकच जिंकतो, याचा काही पानांनंतर कंटाळा येतो. स्त्रियांविषयीचे काही प्रसंग तर आज वाचताना खटकतातच. दहावीच्या मुलांच्या हाती सबंध पुस्तक देण्याऐवजी ब्राझीलचे प्रकरण शिक्षकाने वर्गात वाचून दाखवावे, असे आमचे मत झाले.

मेणबत्तीपाशी सहा व्याख्याने

रोग कळला, आता औषध पाहू. मायकेल फॅरेडे यांचे 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल' हे पुस्तक म्हणजे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांपुढे दिलेली सहा व्याख्याने. विल्यम क्रुक्स यांनी ती संपादित केली आणि १८६१ साली छापून आली. फॅरेडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. शाळा फारशी न पाहिलेला हा माणूस मुलांना शिकवायला उभा राहतो तेव्हा व्याख्येपासून सुरुवात करत नाही. तो मेणबत्ती पेटवतो आणि विचारतो, हिच्या टोकाला वाटी का तयार होते?

या प्रश्नाकडे आमचे कधी लक्षच गेले नव्हते. ज्योतीमुळे गरम झालेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला थंड हवा चहूबाजूंनी मेणबत्तीला घासून वर येते, त्यामुळे मेणाची कड थंड राहते आणि मध्यभाग वितळतो. म्हणून वाटी. वाऱ्याची झुळूक एका बाजूने आली की कड वितळते आणि मेण ओघळते. वाटीतले पातळ मेण केशाकर्षणाने वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ.

ज्योतीचे भाग आपण सगळेच शिकवतो. आकृती काढतो, नावे देतो, गुण देतो. पण आतला काळसर भाग म्हणजे न जळलेली वाफ, हे कशावरून? फॅरेडे काचेची वाकडी नळी त्या भागात धरतो, वाफ नळीतून बाहेर काढतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवतो. जाड कागद ज्योतीवर क्षणभर आडवा दाबतो. कागदावर करपलेले कडे उमटते, मधला भाग कोराच राहतो. उष्णता कुठे आहे हे कागदच सांगतो. विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला दोन-तीन इंचांवरून पेटती काडी लावतो, आणि ज्योत धुरातून धावत वातीपर्यंत पोहोचते. यातले शेवटचे दोन प्रयोग कोणत्याही शाळेत, पाच रुपयांच्या मेणबत्तीवर होतात. पाणी मात्र शेजारी ठेवावे.

शेवटच्या व्याख्यानात फॅरेडे मेणबत्तीवरून माणसावर येतो. आपला श्वासोच्छ्वास हेही एक संथ ज्वलनच आहे, आणि माणूस दिवसाकाठी सात औंस, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम कार्बनचे रूपांतर श्वासातून करतो, असा हिशेब मांडतो. चुन्याची निवळी मेणबत्तीच्या वायूने जशी दुधाळ होते तशीच फुंकरीनेही होते, हे दाखवल्यानंतरच तो हे बोलतो. पुरावा आधी, उपमा नंतर. आपण वर्गात बहुधा उलटे करतो.

हे पुस्तक वाचल्याचा एक परिणाम मात्र आम्हाला अडचणीत टाकणारा झाला. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती पेटवून तिच्यावर पेला उपडा घालायचा, मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते, आणि 'जेवढा ऑक्सिजन संपला तेवढे पाणी चढले, म्हणून हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश' असे सांगायचे. हा प्रयोग फॅरेडेचा नव्हे, आमचा. वर्षानुवर्षे केलेला. या वेळी मनात आले, कशावरून? एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहिल्या. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. तरी पाणी बरेच जास्त चढले! पेला घालताना आतली हवा तापून प्रसरण पावलेली असते, काही बुडबुडे होऊन निसटते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, म्हणून पाणी चढते. शिवाय ऑक्सिजन पुरता संपण्याच्या कितीतरी आधीच मेणबत्ती विझते. म्हणजे उत्तर 'बरोबर' येत होते आणि कारण चूक होते. मुलांपुढे हे कबूल करायला आम्हाला दोन दिवस लागले.

पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. ही बोलून दाखवलेली व्याख्याने आहेत. 'आता इथे पाहा' असे वक्ता म्हणतो आणि वाचकापुढे काहीच नसते. कार्बन डायऑक्साइडला तो जुन्या पद्धतीने कार्बनिक आम्ल म्हणतो, ते ध्यानात ठेवावे लागते. बंदुकीच्या दारूत लोखंडाचा कीस घालून पेटवण्यासारखे त्याचे काही प्रयोग शाळेत मुळीच करू नयेत.

गांडुळांचा हिशेब

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. चार्ल्स डार्विन म्हटले की आपल्याला उत्क्रांती आठवते. पण त्याचे शेवटचे पुस्तक गांडुळांवर आहे. ऑक्टोबर १८८१ मध्ये ते निघाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये डार्विन वारला. या विषयावरचा त्याचा पहिला निबंध मात्र १८३७ सालचा. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे हा प्रश्न त्याच्या मनात होता!

सुरुवात मामाच्या शेतावर झाली. जोसाया वेजवुड हे डार्विनचे मामा. पुढे त्यांच्याच मुलीशी त्याचे लग्न झाले. मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. या मामांनी भाच्याला दाखवले की काही वर्षांपूर्वी शेतात पसरलेला चुना आणि कोळशाचे खडे आता काही इंच मातीखाली गेले आहेत. गांडुळे खालची माती गिळून वर आणून टाकतात, म्हणून असे होते, हा तर्कही मामांचाच.

तर्क झाला. पण कशावरून? डिसेंबर १८४२ मध्ये डार्विनने आपल्या घराजवळच्या एका शेतात चुनखडीचे तुकडे पसरले. नोव्हेंबर १८७१ मध्ये, एकोणतीस वर्षांनी, तिथे चर खणला. पृष्ठभागाखाली सात इंचांवर पांढऱ्या तुकड्यांची रेघ स्पष्ट दिसली. म्हणजे वर्षाला पाव इंचाहून थोडी कमी माती वर आली. गांडुळांनी वर टाकलेले मातीचे पुंजके त्याने गोळा केले, वाळवले, वजन केले. अनेक ठिकाणी एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब निघाला. 'कोणी मोजलंय का' या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्पष्टपणे दिलेले होते आणि आम्ही मात्र 'बस खाली' म्हणालो होतो.

गांडुळे पाने बिळात ओढून नेतात ती कशीही ओढतात की विचाराने, हे पाहायला त्याने बिळांतून २२७ सुकलेली पाने ओढून काढली. त्यांतली १८१ टोकाकडून, २० देठाकडून आणि २६ मधे धरून आत नेलेली होती. टोकाकडून नेणे सोपे असते. पण पाने ओळखीची असतील, म्हणून त्याने कागदाचे ३०३ त्रिकोण कापून ठेवले. त्यांतलेही ६२ टक्के निमुळत्या टोकाने आत गेले. त्याने गांडुळांपुढे शिट्टी वाजवून, बासून नावाचे सुषिर वाद्य वाजवून, ओरडून पाहिले. गांडुळे ढिम्म. पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून सूर वाजवला तेव्हा ती झटकन बिळात गेली. त्यांना ऐकू येत नाही, पण कंपने कळतात, हे ठरवायला प्रयोगशाळा लागली नाही. घर आणि चिकाटी पुरली.

१८६९ साली एका टीकाकाराने लिहिले होते की एवढ्याशा दुबळ्या जिवाकडून इतके मोठे काम होणे शक्य नाही. डार्विनचे उत्तर प्रत्येक वर्गात सांगावे असे आहे. लहानसे कारण सतत घडत राहिले तर त्याची बेरीज किती होते, याचा अंदाज माणसाला करता येत नाही, हीच खरी अडचण आहे, असे त्याचे म्हणणे. उत्क्रांतीच्या सिद्धांताचे सारही हेच.

पुस्तक जुने आहे आणि संथ आहे. ओळीने मोजमापे येत राहतात आणि काही पाने उलटावीशी वाटतात. गांडुळांना थोडीफार बुद्धी आहे, या निष्कर्षापर्यंत डार्विन जरा घाईने जातो असेही वाटते. आणि एक महत्त्वाची गोष्ट. माती वर येते हे त्याने मोजले. पीक वाढते का, हे मोजले नाही. 'शेतकऱ्याचा मित्र' एवढ्याने सिद्ध होत नाही. त्याचे उत्तर फार पुढे मिळाले. जगभरच्या अनेक प्रयोगांचा एक आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात गांडुळे असलेल्या जमिनीत पिकाचे उत्पादन सरासरी २५ टक्के अधिक आढळले. पालापाचोळ्यात अडकलेला नत्र गांडुळे मोकळा करतात हे त्याचे मुख्य कारण. म्हणून जिथे नत्रखत भरपूर घातले जाते तिथे हा फायदा दिसेनासा होतो. उलट उत्तर अमेरिकेच्या ज्या उत्तरेकडील जंगलांत हिमयुगानंतर गांडुळे नव्हतीच, तिथे युरोपातून आलेल्या गांडुळांनी पाचोळ्याचा थर खाऊन टाकून जंगलाचे नुकसान केले आहे. मित्र खरा, पण कुठे आणि कोणाचा, हे विचारायला हवे.

गोष्ट रंगली, पण

दावा सॉबेल यांचे 'लाँजिट्यूड' १९९५ साली आले आणि खूप गाजले. आम्ही ते एका बैठकीत वाचले. समुद्रावर अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून कळतो, रेखांश कळत नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. बंदरातली वेळ दाखवणारे अचूक घड्याळ जहाजावर असेल तर स्थानिक मध्यान्हीशी तुलना करून रेखांश काढता येईल. पण डोलणाऱ्या जहाजावर, उष्ण-थंड हवेत असे घड्याळ चालणार कसे? २२ ऑक्टोबर १७०७ रोजी सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजे फुटली. १७१४ साली पार्लमेंटने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला वीस हजार पौंडांचे बक्षीस ठेवले. जॉन हॅरिसन या सुताराने जवळजवळ सारे आयुष्य या प्रश्नाला दिले. १७५९ साली पुरे झालेले त्याचे चौथे घड्याळ जमैकाच्या चाचणी-सफरीत ८१ दिवसांत फक्त ५ सेकंद मागे पडले.

रेखांशाचा पाठ शिकवताना हे पुस्तक सोन्यासारखे आहे. पण आमची कसोटी इथे लावली तेव्हा दोन ठिकाणी पाय अडखळला. सुरुवातीलाच लेखिका सांगते की एका खलाशाने ॲडमिरलला 'आपण चुकीच्या ठिकाणी आहोत' असे सांगितले आणि बंडखोरीबद्दल त्याला तिथेच फासावर चढवले. गोष्ट चटका लावणारी आहे. पण ॲडमिरलच्या जहाजावरचे सगळे बुडाले. मग ही गोष्ट किनाऱ्यावर आणली कोणी? त्या काळचा पुरावा नसलेली ही दंतकथा आहे. दुसरे, राजज्योतिषी मॅस्केलिन यांना पुस्तकात खलनायक केले आहे. हॅरिसनशी ते कठोर वागले असतील. पण चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून रेखांश काढण्याची जी पद्धत ते पुढे आणत होते ती खोटी नव्हती. १७६७ सालापासून त्यांनी काढलेल्या नाविक पंचांगावर जहाजे चालली. कॅप्टन कुकने पहिल्या सफरीत याच पद्धतीने रेखांश काढले आणि दुसऱ्या सफरीत हॅरिसनच्या घड्याळाची प्रतिकृती सोबत नेली. दोन्ही मार्ग दीर्घकाळ एकमेकांना पूरक राहिले. 'एकटा प्रतिभावंत आणि दुष्ट अधिकारी' ही मांडणी वाचायला सोपी, पण विज्ञान असे क्वचितच घडते. मुलांना पुस्तक जरूर द्यावे, आणि सोबत हा प्रश्नही द्यावा.

यातला उपक्रम मात्र बिनचूक आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. म्हणून मुंबईत सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटांनी उशिरा मध्यान्हीला येतो, नागपुरात सुमारे १४ मिनिटांनी. अंगणात काठी उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ घ्या, साडेबाराच्या आसपास. बारापेक्षा जितकी मिनिटे जास्त, त्यांना चाराने भागा आणि ८२.५ मधून वजा करा. गावाचा रेखांश मिळतो. सूर्याची वेळ वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत असते, म्हणून हा प्रयोग २५ डिसेंबरच्या सुमारास करावा. तेव्हा हा फरक जवळजवळ शून्य असतो.

डोळे उघडे ठेवणारे पुस्तक

शेवटचे पुस्तक विज्ञानाच्या कपाटात सापडणार नाही. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले हे निसर्गाविषयीचे ललित लेख मराठीच्या शिक्षकांनी आपलेच मानले आहेत. आम्ही ते कॉलेजात वाचले होते, भाषेसाठी. या वेळी विज्ञान शिकवणाऱ्याच्या नजरेने पुन्हा वाचले. त्यात आकडे नाहीत, प्रयोग नाहीत. मग आमच्या कसोटीवर हे पुस्तक नापास का होत नाही? कारण यातले प्रत्येक विधान कोणीतरी झाडाखाली उभे राहून, पाहून केलेले आहे. चैत्रातली पिंपळाची कोवळी पालवी किंवा घाणेरीची रंगीबेरंगी फुले यांविषयी वाचताना 'कशावरून?' विचारले तर उत्तर 'पाहिले म्हणून' असेच येते. निरीक्षण ही विज्ञानाची पहिली पायरी, असे आपण सांगतो. त्या पायरीवर किती वेळ थांबायचे असते, हे दुर्गाबाई दाखवतात.

त्यापुढची पायरी चढणे आपले काम. घाणेरीच्या एकाच गुच्छात दोन-तीन रंग का असतात? बऱ्याच जातींत ताजे उमललेले फूल पिवळे असते आणि परागीभवन झाल्यावर ते हळूहळू गुलाबी-लाल होते. कडेची फुले आधी उमलतात, म्हणून पिवळा रंग मध्यभागी आणि गुलाबी कडेला दिसतो. फुलपाखरे पिवळ्या फुलांवर जास्त बसतात का? पंधरा मिनिटे कुंपणापाशी बसून मोजता येईल. ललित लेखातून प्रयोगवही अशी निघते. घाणेरी मूळची अमेरिकेतली आणि आज आपल्या जंगलांना त्रासदायक झालेली आहे, हेही त्याच तासाला सांगता येईल.

उशिरा दिलेले उत्तर

पाच पुस्तकांतून आम्हाला जे वाटले ते एवढेच. शाळेच्या ग्रंथालयासाठी विज्ञानाचे पुस्तक निवडताना त्यात माहिती किती आहे हे पाहू नये. माहिती लवकर जुनी होते आणि आता ती कुठेही मिळते. पुस्तक कोठेही उघडावे आणि त्या पानाला 'हे कशावरून?' असे विचारावे. उत्तर मिळाले तर घ्यावे. फॅरेडे आणि डार्विन यांच्या पुस्तकांवर आता स्वामित्वहक्क नाही. इंटरनेटवर ती फुकट मिळतात, तेव्हा पैसे नाहीत ही सबबही उरत नाही. अडचण भाषेची आहे. फॅरेडेचे एखादे व्याख्यान मराठीत करून वर्गात वाचणे हे आपल्यापैकी कोणालाही जमेल.

ती मुलगी आता दहावीत आहे. गेल्या वर्षी तिला बोलावून डार्विनच्या चुनखडीची गोष्ट सांगितली आणि तेव्हा 'बस खाली' म्हणालो ते चुकले, हेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सर, ते इंग्लंडात. आपल्या जमिनीत कशावरून?"

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. जमीन काळी, चिकण. उत्तर आमच्याकडे नव्हते. म्हणून मृग लागल्यावर शाळेच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात, झाडाखाली, आम्ही आणि मुलांनी मिळून दोन मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यावर विटांचा चुरा पसरला. शेजारी तारखेची पाटी रोवली. दरवर्षी गांधी जयंतीला एका कडेला छोटा चर खणून मोजायचे ठरले आहे. पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही. एकोणतीस वर्षे थांबायचे तर आम्ही निवृत्त होऊन कितीतरी काळ लोटलेला असेल. नोंदवही मात्र शाळेत राहील. वाचकांपैकी कोणी आपल्या शाळेत असा तुकडा आखला तर आम्हाला जरूर कळवावे. वेगवेगळ्या मातींचे आकडे शेजारी ठेवता येतील.